‘हा आमच्या घरचा प्रश्न आहे’

शेजारच्या बिऱ्हाडांत एखादा मनुष्य आपल्या बायकामुलांना मारहाण करूं लागला आणि आपण दार ठोठावलें, तर आंतून बहुधा एकच उत्तर येतें : ‘हा आमच्या घरचा प्रश्न आहे, तुम्ही मध्यें पडूं नका.’ व्यक्तीच्या तोंडीं हें उत्तर आतां कायद्याला मान्य नाहीं. राष्ट्रांच्या तोंडीं मात्र तें दीर्घकाळ मान्य होतें. एखाद्या राज्यानें आपल्या प्रजेंतील कांहीं लोकांना त्यांच्या कातडीच्या रंगावरून, कुळावरून किंवा मूळ देशावरून कसेंहि वागविलें, तरी इतर राज्यांनीं त्याबद्दल अक्षर काढावयाचें नाहीं, असा आंतरराष्ट्रीय व्यवहाराचा दंडक होता. वंशभेद, वर्णद्वेष आणि परकीयद्वेष यांविरुद्ध जगांत जे सामुदायिक प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास म्हणजे मुख्यतः या बंद दाराचा इतिहास आहे. किती परिषदा भरल्या आणि किती ठराव झाले याची जंत्री वाचून दाखविण्यांत कांहीं स्वारस्य नाहीं. दार कोणी ठोठावलें, तें किती उघडलें, आणि उघडणारांनींच पुढें आंतून कडी कशी घातली, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

पहिला ठोका जपाननें दिला. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ सालीं पॅरिस येथें तहाची बोलणीं चाललीं असतां राष्ट्रसंघाची घटनाहि तयार होत होती. सर्व राष्ट्रांची समता आणि त्यांच्या प्रजाजनांना न्याय्य वागणूक हें तत्त्व आम्हांस मान्य आहे, एवढें एक वाक्य तींत घालावें, अशी जपानचे प्रतिनिधि बॅरन माकिनो यांची मागणी होती. त्यांच्या पहिल्या मसुद्यांत वंशाचा स्पष्ट उल्लेख होता. विरोध पाहून त्यांनीं भाषा इतकी मवाळ केली कीं, वंश हा शब्दहि शिल्लक राहिला नाहीं. तरीसुद्धां ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान ह्यूज यांना तें वाक्य सोसेना. गोऱ्यांखेरीज कोणालाहि देशांत वस्ती करूं द्यावयाची नाहीं हेंच त्यांच्या सरकारचें धोरण होतें. ११ एप्रिल रोजीं मतें मोजलीं गेलीं. १७ पैकीं ११ मतें अनुकूल पडलीं. अध्यक्षस्थानीं अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन होते. अशा बाबतींत एकमत पाहिजे, असा निर्णय देऊन त्यांनीं सूचना बाजूस सारली. जपानचे स्वतःचे हात स्वच्छ होते असें नाहीं. त्याच वसंतऋतूंत कोरियांतील स्वातंत्र्याची चळवळ जपानी सैन्य निर्दयपणें चिरडीत होतें. परंतु या इतिहासांत स्वच्छ हातांचाच फिर्यादी पाहिजे असा आग्रह धरला, तर एकहि फिर्याद उभी राहणार नाहीं.

राष्ट्रसंघाच्या घटनेंत समतेचें वाक्य आलें नाहीं. पण मागच्या दारानें एक लहानशी सोय झाली. युद्धांत हरलेल्या आणि युद्धानंतर जन्मलेल्या कांहीं राष्ट्रांकडून, आपल्या राज्यांतील अल्पसंख्य लोकांना समतेनें वागवूं, असे करार जेत्यांनीं लिहून घेतले. स्वतःवर मात्र त्यांनीं असें बंधन घेतलें नाहीं, हें सांगावयास नकोच. यांपैकीं एका कराराची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

अपर सायलीशिया हा कोळशाच्या खाणींचा प्रदेश जर्मनी आणि पोलंड यांच्यांत वांटला गेला, तेव्हां १९२२ सालीं त्या दोघांनीं पंधरा वर्षांच्या मुदतीचा एक करार केला. दोन्ही बाजूंच्या अल्पसंख्यांना संरक्षण मिळावें आणि अन्याय झाल्यास साध्या माणसालाहि राष्ट्रसंघाकडे थेट अर्ज करतां यावा, अशी त्यांत तरतूद होती. १९३३ सालीं जर्मनींत नाझींची सत्ता आली आणि ज्यूंना नोकऱ्यांवरून काढण्याचा सपाटा सुरू झाला. त्यांत फ्रांझ बर्नहाइम नांवाचा, अपर सायलीशियांतील एका दुकानाच्या कोठारावर काम करणारा ज्यू नोकर घरीं बसला. जगांत ज्याला कोणी ओळखत नव्हतें अशा या माणसाचा अर्ज त्याच वर्षीं मे महिन्यांत जिनीव्हास पोंचला. याला असा अर्ज करण्याचा अधिकारच नाहीं, असा पवित्रा जर्मनीच्या वतीनें घेण्यांत आला. कायदेपंडितांच्या समितीनें तो मोडून काढला. देशांतील कायद्यानें आंतरराष्ट्रीय करार मोडतां येत नाहीं, ही गोष्ट अखेर जर्मनीला कबूल करावी लागली. अपर सायलीशियाच्या जर्मन भागांत ज्यूविरोधी कायद्यांची अंमलबजावणी थांबली. १९३५ सालच्या न्यूरेंबर्ग येथील कायद्यांनीं उरलेल्या जर्मनींतील ज्यू नागरिकत्वाला आणि मनाजोग्या लग्नाच्या हक्काला मुकले, तरी या एका कोपऱ्यांत ते कायदे लागूं झाले नाहींत. हिटलरला एकाएकीं सद्बुद्धि झाली असें अर्थातच नाहीं. पोलंडच्या बाजूला राहिलेल्या जर्मनांनाहि त्याच कराराचें संरक्षण होतें, हें विसरतां कामा नये. १९३७ च्या जुलैंत मुदत संपली आणि तो कोपराहि गेला. तरी एका कोठारावरच्या नोकराच्या कागदानें चार वर्षें नाझी राज्याला एका प्रांतापुरतें रोखून धरलें होतें, ही गोष्ट ‘आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे निव्वळ शब्द’ असें म्हणणारांनीं अवश्य लक्षांत घ्यावी. करार होता म्हणून रोखलें. उरलेल्या जर्मनीपुरता असा करारच नव्हता.

बंद दारामागें काय होऊं शकतें, तें दुसऱ्या महायुद्धानें साऱ्या जगाला दाखविलें. म्हणूनच १९४५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें संयुक्त राष्ट्रसंघाची सनद लिहिली गेली, तेव्हां वंश, लिंग, भाषा किंवा धर्म यांचा भेद न करतां सर्वांच्या मानवी हक्कांचा आदर वाढविणें हें ध्येय पहिल्याच कलमांत नमूद झालें. परंतु दुसऱ्या कलमाच्या सातव्या पोटकलमांत लगेच असेंहि सांगितलें कीं, ज्या बाबी मूलतः एखाद्या राज्याच्या अंतर्गत अधिकारांतील आहेत त्यांत संघानें हस्तक्षेप करूं नये. एका हातानें दार उघडलें आणि दुसऱ्या हातानें कडी लावली. सनदेच्या उदात्त प्रस्तावनेला ज्यांचा हात लागला होता, त्यांत दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स प्रमुख होते. या कडीची पहिली मोठी परीक्षा त्यांच्याच दारावर झाली.

नाताळ प्रांतांत १८६० पासून हिंदी मजूर करारानें नेले जात होते. उंसाचे मळे त्यांच्या श्रमांवर उभे राहिले. करार संपल्यावर पुष्कळ जण तेथेंच राहिले. व्यापारी मागाहून गेले. १९४६ च्या जूनमध्यें स्मट्स सरकारनें कायदा केला कीं, हिंदी लोकांनीं नेमून दिलेल्या विभागांबाहेर जमीन घेऊं नये आणि राहूं नये. याच्या मोबदल्यांत पार्लमेंटांत त्यांना थोडे प्रतिनिधि देऊं केले. पण ते प्रतिनिधि गोरेच असले पाहिजेत, अशी मेख मारून ठेवली. डरबन शहरांत सत्याग्रह सुरू झाला. हिंदुस्थान तेव्हां स्वतंत्रहि झालेला नव्हता. तरी त्यानें दक्षिण आफ्रिकेशीं व्यापार बंद केला आणि हें गाऱ्हाणें संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढें नेलें. शिष्टमंडळाच्या प्रमुख श्रीमती विजयालक्ष्मी पंडित होत्या. मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ति छगला हेहि त्यांत होते.

स्मट्स यांचें म्हणणें अपेक्षेप्रमाणें होतें. हे लोक आमचे प्रजाजन आहेत. त्यांना कसें वागवावें हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. शंका असेल तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचें मत घ्या. हिंदी बाजूचें उत्तर दुपदरी होतें. या लोकांविषयीं १९२७ आणि १९३२ सालीं दोन्ही सरकारांत समझोते झालेले आहेत, तेव्हां बाब निव्वळ अंतर्गत उरलेली नाहीं; आणि शिवाय सनदेवर सही केल्यानंतर वंशभेद हा कोणत्याहि राष्ट्राचा खासगी मामला राहूं शकत नाहीं. ८ डिसेंबर १९४६ रोजीं मतदान झालें : बाजूनें ३२, विरुद्ध १५, तटस्थ ७. ब्रिटन आणि अमेरिका विरोधकांत होते. दोन तृतीयांश मतांची अट होती. बत्तिसांपैकीं एकच देश पलीकडे गेला असता तरी ठराव पडला असता. ठराव तसा सौम्यच होता. हिंदी लोकांना वागणूक पूर्वीच्या समझोत्यांना आणि सनदेला धरून मिळावी आणि दोन्ही सरकारांनीं पुढील अधिवेशनांत काय केलें तें सांगावें, एवढाच त्याचा मथितार्थ. डरबनच्या सत्याग्रह्यांच्या पदरीं त्यानें काय पडलें, असें विचाराल तर तत्काळ कांहींच नाहीं. पण एका देशानें आपल्याच रहिवाशांशीं केलेल्या वर्तनाचा जाब जगाच्या भर सभेंत विचारतां येतो, हा दाखला पडला.

तो दाखला इतरांनींहि पाहिला. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे विद्वान् नेते ड्यू बॉइस यांनीं १९४७ सालीं आपल्या लोकांवरील अन्यायाची फिर्याद संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिली. ती वाऱ्यावर गेली. अशा तक्रारींवर कांहीं करण्याचा आम्हांला अधिकार नाहीं, असें मानवी हक्क आयोगानें त्याच वर्षीं स्वतःच ठरवून टाकलें होतें. याच ड्यू बॉइस यांना १९४६ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं पत्र लिहिलें होतें. अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या एका संस्थेनें संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचें त्यांच्या वाचनांत आलें होतें. हिंदुस्थानांतील अस्पृश्यहि तसा अर्ज करण्याच्या विचारांत आहेत, तरी त्या अर्जाच्या प्रती मिळाव्यात, अशी त्यांची विनंती होती. म्हणजे हिंदुस्थान सरकार ज्या वर्षीं दक्षिण आफ्रिकेचें दार ठोठावीत होतें, त्याच वर्षीं हिंदुस्थानचेंहि दार ठोठावण्याचा विचार एका माणसाच्या मनांत चालला होता. या गोष्टीकडे पुढें परत यावयाचें आहे.

१९४८ सालीं मानवी हक्कांचा जाहीरनामा झाला. ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल अशा जागीं ‘सर्व मानव’ ही शब्दयोजना व्हावी यासाठीं झगडणाऱ्या श्रीमती हंसा मेहता भारताच्या प्रतिनिधि होत्या. दक्षिण आफ्रिका मतदानांत तटस्थ राहिली. त्याच वर्षीं तेथें निवडणुकींत स्मट्स हरले आणि वर्णभेदालाच राज्यशास्त्र मानणारा पक्ष अधिकारावर आला. पुढची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. २१ मार्च १९६० रोजीं शार्पव्हिल येथें पोलिसांच्या गोळीबारांत ६९ माणसें ठार झालीं; तो दिवस आज वंशभेदनिर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. दक्षिण आफ्रिकेला शस्त्रें विकूं नयेत असें सर्व राष्ट्रांवर बंधनकारक होण्यास मात्र १९७७ साल उजाडावें लागलें. १९४६ पासून मोजलीं तर एकतीस वर्षें! सुरक्षा समितींतील बड्या राष्ट्रांना मानवी समतेइतकाच तेथल्या खाणींचा आणि बाजाराचाहि विचार होता. मानानें लहान माणसांनीं अधिक सोसलें. १९७४ सालीं डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचलेल्या भारतीय टेनिसपटूंना हा प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका आहे म्हणून सामना सोडून द्यावा लागला, आणि चषक न खेळतांच दक्षिण आफ्रिकेकडे गेला. १९९४ च्या एप्रिलमध्यें सर्व वर्णांच्या लोकांनीं मतदान केलें आणि नेल्सन मंडेला अध्यक्ष झाले.

दक्षिण आफ्रिकेकडे सर्वांचे डोळे लागले असतां एक कमी गाजलेलें पण अधिक टिकाऊ काम चाललें होतें. १९५९ च्या डिसेंबरांत जर्मनींतील कोलोन येथें ज्यूंच्या प्रार्थनामंदिरावर स्वस्तिकचिन्हें रंगविलीं गेलीं आणि पाहतां पाहतां अनेक देशांत त्याचें अनुकरण झालें. या धक्क्यांतून प्रथम १९६३ सालचें घोषणापत्र आणि मग २१ डिसेंबर १९६५ रोजीं सर्व प्रकारच्या वंशभेदाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार निघाला. आज १८० हून अधिक राज्यें त्यांत सामील आहेत. भारत १९६८ सालींच सामील झाला. करार केवळ सरकारच्या कायद्यांवर थांबत नाहीं. वाहनें, उपाहारगृहें, नाटकगृहें, बगीचे अशा सर्वांसाठीं असलेल्या जागीं कोणालाहि मज्जाव होतां कामा नये, आणि खासगी माणसांनीं किंवा संस्थांनीं चालविलेला भेदभावहि सरकारनें बंद पाडला पाहिजे, असें तो सांगतो.

याची देखरेख अठरा तज्ज्ञांची एक समिती करते. ते निवडून येतात आपापल्या सरकारांच्या पुरस्कारानें, पण बसतात वैयक्तिक नात्यानें. प्रत्येक राज्यानें दर दोन वर्षांनीं अहवाल द्यावा, असा नियम आहे. पुष्कळ राज्यें तो वर्षानुवर्षें देत नाहींत. दिला म्हणजे मात्र त्या राज्याचे प्रतिनिधि जिनीव्हाला समितीपुढें येऊन बसतात आणि प्रश्नांचीं उत्तरें देतात. समितीच्या हातांत दंड नाहीं, पोलीस नाहींत. तिचें बळ निराळ्या ठिकाणीं आहे. सरकारी अहवालांतील आंकडे गुळगुळीत असतात. पण त्याच देशांतील लोकसंस्था आपला प्रति-अहवाल समितीकडे धाडतात, आणि मग प्रश्न नेमके येतात. अमुक गांवीं पाण्याचें काय झालें, अमुक वस्तींतील मुलें शाळेंत वेगळीं कां बसतात, याला ‘आमच्या घटनेंत समता आहे’ हें उत्तर पुरत नाहीं. बर्नहाइमच्या धर्तीवर एकट्या माणसालाहि समितीकडे तक्रार करतां यावी, अशी सोय चौदाव्या कलमांत आहे. ती ऐच्छिक आहे. भारतानें ती पत्करलेली नाहीं.

आतां आपल्या स्वतःच्या दाराकडे वळूं. करारांत वंशभेदाची व्याख्या करतांना पांच आधार सांगितले आहेत : वंश, वर्ण, कुळ किंवा जन्मपरंपरा, राष्ट्रीय मूळ आणि जमातीय मूळ. यांपैकीं जन्मपरंपरेचा शब्द घालण्याची सूचना खुद्द भारताचीच होती. १९९६ सालीं भारताचा अहवाल तपासतांना समितीनें सांगितलें कीं, या शब्दांत जातिभेद येतो. २००२ सालीं हेंच मत तिनें सर्वसाधारण निवेदनाच्या रूपानें मांडलें. भारत सरकारला तें मान्य नाहीं. जात म्हणजे वंश नव्हे, आमच्या राज्यघटनेंत या दोहोंचा उल्लेख वेगळा आहे, अस्पृश्यता आम्हीं सतराव्या कलमानें नष्ट केली आहे आणि कायदेहि केले आहेत, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद आहे. यांतील पहिलें विधान खरें आहे. जातीचा उगम वंशांत नाहीं असें आंबेडकरांनींच मोठ्या प्रमाणपूर्वक सिद्ध केलें होतें. परंतु करार तसें विचारीतच नाहीं. जन्मावरून माणसाला हीन लेखलें जातें कीं नाहीं, एवढाच त्याचा प्रश्न आहे. त्यासाठींच वंशाच्या शेजारीं तो दुसरा शब्द बसविला आहे.

वाद शिगेला पोंचला तो २००१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्यें, वर्णद्वेषाविरुद्धच्या जागतिक परिषदेंत. ही परिषद भरली डरबनला. ज्या शहरांतील सत्याग्रह्यांचें गाऱ्हाणें भारतानें ‘अंतर्गत प्रश्न’ हा आक्षेप मोडून जगापुढें मांडलें, त्याच शहरांत भारतांतील दलितांचे कार्यकर्ते आपलें गाऱ्हाणें घेऊन आले, आणि आपल्या सरकारी प्रतिनिधींनीं त्यांना सांगितलें कीं, हा देशांतल्या देशांत सोडवावयाचा प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय परिषदेचा विषय नव्हे. १९४६ सालच्या नोंदी काढून पाहिल्या तर हा युक्तिवाद कोणाचा होता तें सहज दिसेल. जातीचा उल्लेख अंतिम घोषणापत्रांत आला नाहीं. गुलामगिरी हा मानवजातीविरुद्धचा गुन्हा होय, अशी कबुली तेथें मिळाली, ही परिषदेची मोठी जमेची बाजू. पण इस्रायलविषयींच्या भाषेवरून अमेरिका आणि इस्रायल मध्येंच उठून गेले. आणि परिषद संपून तीनच दिवस होतात तोंच न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि जगाचें लक्ष दुसरीकडे गेलें.

परकीयद्वेषाच्या बाबतींत तर करारांतच एक भगदाड आहे. नागरिक आणि परकीय यांच्यांत राज्यानें केलेला भेद करारास लागूं नाहीं, असें पहिल्या कलमांत म्हटलें आहे. कोणतेंहि राज्य मतदानाचा हक्क परदेशीयाला सहसा देत नाहीं. तेवढ्यापुरती ही सोय समजण्यासारखी होती. पण आज माणसें कामासाठीं कोट्यवधींच्या संख्येनें देशांतरें करीत आहेत, आणि त्यांचा द्वेष करणारा त्यांचें नागरिकत्व कोठलें तें आधीं विचारीत नाहीं. २००८ च्या मे महिन्यांत, वर्णभेदमुक्त झालेल्या त्याच दक्षिण आफ्रिकेंत, गरीब वस्त्यांतून झिंबाब्वे, मोझांबिक इत्यादि शेजारदेशांच्या लोकांवर हल्ले झाले. साठांहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत परके समजून मारलेले तेथलेच नागरिकहि होते.

परकीयांना या भगदाडांतून सरसकट बाहेर ढकलतां येणार नाहीं, असा अर्थ समितीनें २००४ सालीं लावला. त्याची कसोटी २०१७ मध्यें आली. संयुक्त अरब अमिरातीनें कतारशीं राजकीय संबंध तोडतांना सर्व कतारी नागरिकांना चौदा दिवसांत देश सोडण्यास फर्माविलें. कतारनें समितीकडे आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडेहि दाद मागितली. तक्रार आमच्या कक्षेंत येते, असें समितीनें २०१९ सालीं ठरविलें. न्यायालयानें ४ फेब्रुवारी २०२१ रोजीं अकरा विरुद्ध सहा मतांनीं उलट निकाल दिला : करारांतील ‘राष्ट्रीय मूळ’ म्हणजे माणसाचा जन्मजात उगम, त्याचें आजचें नागरिकत्व त्यांत येत नाहीं. हीं दोन मतें आजहि एकमेकांसमोर उभीं आहेत. रत्नागिरी-रायगडकडील ज्या घरांतून माणसें आखातांत कामाला जातात, त्यांच्या दृष्टीनें हा वाद नुसता शब्दांचा नाहीं. पारपत्र अमुक देशाचें आहे एवढ्याच कारणावरून एखाद्या सरकारनें त्या देशाच्या साऱ्या माणसांना चौदा दिवसांत बाहेर काढलें, तर हेगच्या निकालाप्रमाणें या करारांत त्यांना दाद मागतां येणार नाहीं.